ह नसलेली मंडळी

किस्से बोलक्या माणसांपाशी साठतात, हा एक प्रचलित गैरसमज आहे. बोलक्या माणसाकडे किस्सा सकाळी घडतो आणि संध्याकाळपर्यंत खर्चून जातो. साठतात ते न बोलणाऱ्यांपाशी. आणि आम्ही तर अशी माणसे, की ज्यांची स्वरयंत्रेच शस्त्रक्रियेत काढून टाकलेली! आमच्यापाशी किश्श्यांचा ढीग झाला तो हौसेने नव्हे. त्यांना बाहेर पडायला वाटच उरली नव्हती, म्हणून.

सात रस्त्याजवळच्या एका रुग्णालयात, पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, दर मंगळवारी आम्ही जमत असू. सगळे घशाच्या कर्करोगातून वाचलेले. 'वाचलेले' हा शब्द डॉक्टरांचा. मी तो त्यांच्या जबाबदारीवर वापरतो.

स्वरयंत्र काढले की नाकातोंडाचा आणि फुप्फुसांचा संबंध तुटतो. मानेच्या मुळाशी एक छिद्र ठेवतात. श्वास तिथून आत, तिथूनच बाहेर. मग बोलायचे कसे? तर हवा गिळायची, अन्ननलिकेत क्षणभर अडवायची आणि ढेकरेसारखी वर सोडताना तिच्यावर अक्षरे बसवायची. हे ऐकायला जितके किळसवाणे, तितकेच शिकायला अवघड. शिकवायला हिरेमठ मॅडम होत्या, अक्कलकोटच्या. त्या याला 'एक्सरसाइझ' म्हणत. आम्ही तोवर पाटीवर लिहूनच बोलत असू. मी तिच्यावर तो शब्द खोडून 'अभ्यास' लिहीत असे. उच्चारता दोन्ही येत नव्हते.

आम्ही चौघे नेमाचे. भामाबाई टेंभुर्णीच्या चौकात चहाचे हॉटेल चालवीत. मिश्रीने त्यांचा घसा नेला. नरसय्या चादरीच्या कारखान्यातले विणकर, घरात तेलुगू. रसूलभाई टेंपो चालवीत आणि मोहल्ल्यातल्या लहानशा मशिदीत बांग देत. चौथा मी, निवृत्त संस्कृत शिक्षक. मंडळींच्या लेखी 'मास्तर'.

तंबाखूला मी जन्मात शिवलेलो नाही. हे मी पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून सर्वांना दाखवले. भामाबाईंनी पाटी ओढून घेतली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत खाली लिहिले, "मग तर लईच वाईट झालं. आमी निदान चव तरी घेतली!"

एक खुलासा आधीच करतो. ह हा वर्ण म्हणजे कंठातून तोंडावाटे येणारा निव्वळ श्वास. आमचा श्वास तोंडाकडे येतच नाही. म्हणून आम्हाला ह नाही. ह नाही म्हणून ख, घ, थ, ध, भ ही महाप्राण अक्षरेही नाहीत. 'महाप्राण'! ज्याने हे नाव ठेवले त्याच्या डोळ्यांसमोर आमच्यासारखे कोणी नसावे. पुढच्या संवादांत वाचकांच्या सोयीसाठी मी ह बहुतेक ठिकाणी परत बसवला आहे. प्रत्यक्षात तो आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून एकदाही आला नाही.

* * *

मॅडमनी विचारले, "पहिला शब्द कुठला बोलायचाय? ज्याला जो पाहिजे त्याच्यावरच एक्सरसाइझ घेऊ की."

भामाबाईंनी एक शिवी लिहिली. मॅडमचे कान लाल झाले. "हे कसं शिकवू हो मी?"

भामाबाईंनी लिहिले, "प नं सुरू होतंय. प सोपा हाय म्हनून तुमीच म्हनला की!"

नरसय्यांनी लिहिले, "घाई नाही." मॅडमना कळेना. तेव्हा त्यांनी उलगडून सांगितले. मागांच्या खडखडाटात कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येत नाही. तिथे माणसे आयुष्यभर ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. बायकोही त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होती. पाटीवर शेवटी त्यांनी लिहिले, "आमच्या घरात तसं काही नवीन झालं नाही!"

मी 'हरि' लिहिले. मॅडमनी मान हलवली. "सर, ह येणार नाही. गोपाळ घ्या. लवकर येईल." लहानपणापासून ज्या नावाने हाक मारली, त्या नावाला वजा करून देवाला दुसऱ्या नावाने बोलवायचे! तो तरी ओळखणार कसा? पण 'गोपाळ' खरोखर लवकर आले. घोगरे आले, ढेकरेसारखे आले, पण आले. त्या दिवशी घरी देवासमोर बसून मी ते म्हटले. सुमती, माझी पत्नी, स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटले, मला उलटी होते आहे!

रसूलभाईंनी एकच शब्द लिहिला, "अजान."

"पूर्ण?" मॅडमनी विचारले.

त्यांनी मान डोलावली. त्यांच्या लेकीला, शबानाला, आधीच्या साऱ्या आशा मोडल्यावर पुन्हा दिवस गेले होते. त्यांच्याकडे बाळ जन्मले की त्याच्या उजव्या कानात अजान देतात. जगात त्याने ऐकायचे पहिले शब्द ते. लेकीने बापाला बजावले होते, "अब्बा, तुमीच देना." सगळा मोहल्ला ज्या आवाजाने जागा होत असे, तो आवाज गेला होता, आणि आता एका कानापुरता तो परत हवा होता.

* * *

एकदा एका क्लबातर्फे एक गृहस्थ आम्हाला 'कृतज्ञतेतून आनंद' या विषयावर मार्गदर्शन करायला आले. इस्त्रीचे कपडे, हातात ध्वनिक्षेपक. खोली एवढीशी, श्रोते चार, तरी ध्वनिक्षेपक!

"डोळे मिटा," ते म्हणाले. आम्ही मिटले.

"आता दीर्घ श्वास घ्या. नाकाने!"

आम्ही डोळे उघडले.

गृहस्थांना कोणी काही सांगितलेले नसावे. ते रंगात आले होते. "आता सगळ्यांनी जोरात म्हणायचं, थँक यू देवा! एक, दोन, तीन!"

खोलीत पूर्ण शांतता. खालून रिक्षांचे भोंगे तेवढे ऐकू येत होते.

गृहस्थांनी कानामागे हात धरला. "काय मंडळी? आवाज नाही आला!"

भामाबाईंनी सावकाश पाटी उचलून त्यांच्यासमोर धरली, "व्हय की. त्योच तर आनायला आलोय!"

गृहस्थ गेले. त्यांनी आम्हाला काही दिले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. ते जिना उतरताच आम्ही असे हसलो, की शस्त्रक्रियेनंतर तसे कोणीच हसले नव्हते. पण आमच्या हसण्याला आवाज नसतो. नुसते खांदे हलतात, डोळ्यांतून पाणी येते आणि गळ्यातून फस् फस् वारा सुटतो. दाराशी आलेल्या परिचारिकेने ते दृश्य पाहिले आणि ती बाहेर ओरडत धावली, "मॅडम, लवकर या! सगळे पेशंट एकदम रडायलेत!"

* * *

रसूलभाईंना जमलेला पहिला शब्द 'शुक्र'. तो त्यांनी इतका वापरला, की मला त्याची चिंता वाटू लागली. शब्द फार वापरला की झिजतो. चहा आला, शुक्र. चहा थंड आला, तरी शुक्र. आम्हाला फुंकर घालता येत नाही, हे त्याचे कारण!

भामाबाईंना हे मुळीच पटत नसे. आम्हाला वासही येत नाही. नाकातून हवाच जात नाही ना! जन्मभर चहा विकलेल्या बाईला आता चहात आले घातले आहे की नाही, ते कळत नसे. "कशाचं शुक्र रं बाबा," त्या आपल्या नव्या, खरखरीत आवाजात एकदा म्हणाल्या. "माज्या हाटेलाचा च्या मलाच परका झाला!"

रसूलभाईंनी दाराबाहेर बोट दाखवले. आमच्या खोलीला लागूनच रुग्णालयाची शौचालये होती आणि त्या आठवड्यात तिथले पाणी तुंबले होते. मॅडम नाकाला पदर लावून शिकवीत होत्या. परिचारिका दारातूनच परत फिरत होती. आम्ही चौघे मात्र मजेत चहा पीत होतो.

भामाबाईंनी एकवार मॅडमकडे पाहिले, एकवार कपाकडे. मग म्हणाल्या, "बरं. आजच्यापुरतं शुक्र!"

* * *

एकदा सुमतीबरोबर घरी परतत होतो. सात रस्त्यावर डाळिंबांच्या गाडीशी एक गृहस्थ सहकुटुंब उभे होते. मला पाहताच वाकून पाया पडले. दत्ता, माझा जुना विद्यार्थी. 'तुमी', 'आमी', 'कुटं' हे त्याचे शब्द मी वर्षानुवर्षे खोडले होते आणि त्यानेही वर्षानुवर्षे ते पुन्हा काढले होते.

मी हवा गिळली, अडवली आणि विचारले, "तुम्ही सगळे कुठे असता?"

बाहेर पडले ते असे, "तुमी सगळे कुटे असता?"

दत्ता ताठ उभा राहिला. माझ्या गळ्यावरच्या पट्टीकडे त्याने पाहिले. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी त्याला हसूही आवरेना. "सर... तुमी 'तुमी' म्हनला?"

मी मान डोलावली.

"लई वाट बगितली सर! आलात की शेवटी आमच्यात!"

सुमती भर रस्त्यात हसू लागली. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून ती हसली नव्हती. घरात एकाचा आवाज गेला की दुसऱ्याचाही दबून जातो, हे मला तोवर उमगले नव्हते. डाळिंबाच्या गाडीला टेकून ती डोळे पुशीत हसत राहिली. मला तिचे, दत्ताचे, त्याच्या अशुद्ध मराठीचेही आभार मानावेसे वाटले. मी मानले. म्हणजे 'आबार' मानले. ह गेल्यामुळे त्या शब्दातला भार गेला होता. आणि मला तो पाठभेद चुकीचा वाटला नाही.

* * *

नरसय्यांचा आजार फुप्फुसात उतरला. ते यायचे थांबले आणि मग गेले. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही. त्यांना शेवटपर्यंत चार शब्दांपलीकडे बोलता आले नाही आणि त्याची त्यांना खंतही दिसली नाही. आम्हाला मात्र ते ओठांचे बोलणे शिकवून गेले. मॅडमची पाठ वळली की आम्ही त्याच भाषेत त्यांची थट्टा करीत असू.

पुढच्या एका मंगळवारी त्यांची पत्नी खोलीत आली. धडधाकट घशाची बाई. तिला मराठी येत होते, मोठ्याने बोलता येत होते. ती नरसय्यांच्या खुर्चीशी उभी राहिली आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी आमच्याशी बोलली. तुम्ही त्यांना सोबत दिलीत. घरी आले की ते तुमच्या गमती सांगत. मंगळवारची वाट बघत.

आम्ही तिघांनी तशीच, ओठांनी उत्तरे दिली.

मॅडम दारात उभ्या होत्या. खोलीत धडधाकट घशाच्या दोनच बायका होत्या, आणि त्या दोघींनीही आवाज काढला नाही.

* * *

रसूलभाईंची अजान पुष्कळ पुढे गेली होती. अडचण होती ती ह ची. अजानीत पावलोपावली ह आहे. 'अल्लाहु'मध्ये आहे, 'अशहदु'मध्ये आहे, 'हय्या'ची तर सुरुवातच ह ने. ते जोर लावीत, आणि तोंडाऐवजी गळ्याच्या छिद्रातून फस्सकन वारा सुटे.

"फुसकारा नको, रसूलभाई!" मॅडम दर वेळी म्हणत. "त्यानं बाकीचा शब्द झाकून जातो. गळा गप्प ठेवा!"

एकदा मॅडम बाहेर गेल्यावर त्यांनी मला विचारले, "मास्तर, ह नसलेली अजान चालंल का?"

ज्या विद्येवर मी पोट भरले, तिच्यात एका चुकलेल्या वर्णाने मंत्र व्यर्थ जातो. त्यांना बरे वाटावे असे काही बोलावे, हे मला सुचले. पण शब्दांच्या बाबतीत ते जमले नाही. मी म्हटले, "तुमच्या मौलानांना विचारा."

"विचारलं. म्हनले, अल्ला नीयत बघतो."

"मग झाले तर!"

"मास्तर, मी बांगी हाय," रसूलभाई म्हणाले. "गिऱ्हाइकाला नीयत चालती. कारागिराला न्हाय."

मी त्यांना आमच्या शास्त्रातली गोष्ट सांगितली, की ह म्हणजे वेगळे काही नाही, नुसता श्वास आहे. आपला श्वास तोंडाकडे येत नाही, एवढीच अडचण. ते ऐकून रसूलभाईंनी गळ्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच धरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांच्या मानेत नवी गाठ सापडली. किरणोपचार ताबडतोब सुरू करायचे ठरले. त्याने अन्ननलिका कोरडी पडेल आणि कमावलेला आवाज बहुधा जाईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. रसूलभाईंनी बाळ होईपर्यंतची मुदत मागितली. ती मिळाली नाही.

मंगळवारी त्यांनी हे सारे आम्हाला सांगितले आणि शेवटी म्हणाले, "शुक्र."

भामाबाई खवळल्या. "आता कशाचं रं? आँ? आता कशाचं?"

"आवाज जाईल म्हनले," रसूलभाई म्हणाले. "मी ऱ्हातो म्हनले. बाळ बघंपर्यंत."

भामाबाईंनी तोंड फिरवले. मग त्यांनी ती शिवी, ज्यासाठी त्या महिनोन्महिने प चा अभ्यास करीत होत्या, अतिशय स्वच्छ उच्चारली. कोणाला उद्देशून, ते आम्ही विचारले नाही. मॅडमनीही चूक काढली नाही.

आवाज गेला. उपचार संपण्याच्या आधीच गेला, 'शुक्र'सुद्धा गेला.

* * *

एका सकाळी माझ्या फोनवर रसूलभाईंचा निरोप आला, "नात झाली. दोघी ठीक. या. चूक काढायला माणूस पाहिजे."

मी गेलो. प्रसूतिगृहाच्या लहानशा खोलीत शबाना खाटेवर टेकून बसली होती. शेजारी तिचे सासरे उभे होते, सकाळच्याच गाडीने जेऊरहून आलेले. धिप्पाड देह, खणखणीत आवाज, आणि मनाने सज्जन. ते रसूलभाईंना समजावीत होते, "भाई, तकलीफ नक्को करो. मैं देतौं अजान. तुम बाजू में खड़े रहो. कोई कुछ नई बोलता."

रसूलभाईंनी मान हलवली. किरणांनी त्यांची मान काळवंडली होती, अंगातला सदरा सैल झाला होता. त्यांनी हात धुतले, नातीला उचलले आणि तिचा उजवा कान ओठांशी आणला.

ओठ हलू लागले. आवाज नव्हता. नरसय्या बोलत तसे, नुसते ओठ. मी ते वाचू शकत होतो. सासऱ्यांना काही कळत नव्हते. पहिला शब्द ह पर्यंत आला, आणि रसूलभाई थांबले.

त्यांनी गळ्यावरचे कापड बाजूला सारले. हनुवटी वर करून मानेचे छिद्र बाळाच्या कानाशी नेले आणि श्वास सोडला. मॅडमनी नेहमी मना केलेला, तोच फुसकारा. बाळाच्या कानावरचे जावळ हलले. मग पुन्हा ओठ. पुढचा ह आला, की पुन्हा गळा. अख्खी अजान त्यांनी अशी दिली. घाई न करता, एकही जागा न चुकता. खोलीत आम्हा सर्वांना तिच्यातले ऐकू आले ते एवढेच, ह, आणि थोड्या वेळाने ह, आणि पुन्हा ह.

मला काढायला चूक सापडली नाही.

त्यांनी बाळ लेकीच्या मांडीवर ठेवले. मग सासरे, भल्या मनानेच, घसा खाकरून पुढे झाले आणि बाळाच्या उजव्या कानाशी वाकले. "लाओ बेटी, अब मैं दे देतौं."

शबानाने त्या कानावर तळहात ठेवला.

"इस कान में नक्को, मामू. ये भर गया. दूसरा खाली है, उसमें देओ."